गहू वर्ज्य, आणि घरात गौरी जेवायला
लेखमाला : वेगळं ताट – भाग ६

सिलिॲक आजाराचं निदान कसं होतं ते मागच्या भागात पाहिलं. आधी रक्ताची टीटीजी तपासणी, मग दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा काढून तपासणं, आणि हे दोन्ही पार पडेपर्यंत गहू बंद न करणं. निदान पक्कं झालं की उपचार एकच. गहू, जव आणि राय या धान्यांतलं ग्लूटेन जन्मभर बंद. घरच्या घरी हे महिना-दोन महिन्यांत अंगवळणी पडतं. ज्वारीची भाकरी, भात, नाचणी अशी घडी बसते. ती विस्कटते गौरी-गणपतीत. तेव्हा स्वयंपाक एका हातचा राहत नाही. जावा, नणंदा, मोठ्या काकू सगळ्या ओट्याशी असतात, कढई एक आणि पानं तीस.

आणि कोणीतरी मायेनं म्हणतंच, ‘‘सणाचा दिवस आहे, एका घासानं काय होतंय?’’

या प्रश्नाला आकड्यात उत्तर देता येतं. मध्यम आकाराच्या एका पोळीत दोन-अडीच ग्रॅम ग्लूटेन असतं. रोज ५० मिलिग्रॅम, म्हणजे पोळीचा चाळिसावा-पन्नासावा भाग, काही महिने पोटात जात राहिला तरी आतड्याच्या अस्तराला इजा होते, असं अभ्यासांत दिसलं आहे. या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा ग्लूटेनला बिथरून आतड्यातल्या बारीक केसाळ उंचवट्यांवरच हल्ला करते. अन्न शोषून घेतात ते हे उंचवटे. ते झिजले की लोह, कॅल्शियम अंगी लागत नाही, मुलांची उंची खुंटते. ही झीज दर वेळी पोट दुखवून वर्दी देत नाही. म्हणून ‘मागच्या दिवाळीत करंजी खाल्ली, काही झालं नाही’ हा पुरावा धरता येत नाही.

खरी अडचण आपल्या सवयीत आहे. पथ्य म्हटलं की आपण घासाघीस करतो. मधुमेहवाल्या काकांना ‘अर्धाच मोदक घ्या, संध्याकाळी दोन फेऱ्या जास्त मारा’ म्हणतो, आणि मधुमेहात प्रमाणाच्या हिशेबाला अर्थही असतो. इथे तो नाही. सिलिॲकचं पथ्य उपासासारखं पाळायचं असतं. आषाढी एकादशीला आत्याला कुणी ‘एकच पोळी खा’ असा आग्रह करत नाही. तिच्या खिचडीत नेहमीच्या भाजीचा डाव बुडत नाही, उपासाची भाजणी गिरणीत वेगळी दळून येते, आणि यात कुणाचा अपमान झाला असंही कुणाला वाटत नाही. ही शिस्त आपल्या स्वयंपाकघराला पाठ आहे. ती फक्त गव्हाला लावायची.

उपासाच्या फडताळात तयार उत्तरंही आहेत. वरई, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, रताळं यांत मुळातच ग्लूटेन नाही. उपासाच्या फोडणीत जिरं असतं, हिंग सहसा नसतो, हाही फायदाच.

हिंगाचं नाव मुद्दाम घेतलं. पोळी, करंजी, शंकरपाळे, चिरोटे, शेवयांची खीर हा गहू डोळ्यांना दिसतो, तो टाळता येतो. न दिसणारा घात करतो. बाजारातला बांधानी हिंग म्हणजे खऱ्या हिंगात डिंक आणि पीठ मिसळलेलं असतं, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं असतं. म्हणजे वरण-भातासारखं निरुपद्रवी पानही फोडणीच्या डबीपाशी अडतं. तांदळाचं पीठ वापरलेला हिंग मिळतो. तो घ्यावा, नाहीतर हिंग गाळावा. मेतकुटाच्या डाळींबरोबर गहूही भाजलेला असतो, म्हणून पोट बिघडलेल्या मुलाला प्रेमानं दिलेला मेतकूट-भात नेमका उलटा पडतो. थालिपिठाच्या भाजणीत गहू असतो. सातूच्या पिठात जव किंवा गहू असतो. बेसनाच्या लाडवाला रवाळपणा यावा म्हणून काही घरांत मूठभर रवा टाकतात. गोड्या मसाल्यातही हिंग असतोच.

त्यापुढचा प्रश्न स्पर्शाचा. गरम पोळीवर तूप सोडताना चमचा पोळीला टेकतो आणि परत तुपाच्या भांड्यात जातो. तेच तूप मग उकडीच्या मोदकावर पडतं. मोदक तांदळाचा, तूप घरचं, तरी पान बाटलं. म्हणून अशा माणसासाठी तुपाची वाटी सकाळीच वेगळी काढून ठेवावी. लाकडी पोळपाटाच्या भेगांत कणीक राहते, तो धुऊन भागत नाही; वेगळा पोळपाट किंवा प्लॅस्टिकचा कागद वापरावा. करंज्या तळलेल्या तेलात चकली सोडू नये. दिवाळीच्या फराळाचा क्रमच बदलावा. आधी अनारसे, चकली, चिवडा. रवा-मैद्याचे डबे त्यानंतर उघडावेत. गिरणीतही तेच. गव्हामागून दळलेल्या तांदळात गव्हाचं पीठ उतरतं. घरी छोटी चक्की असेल तर उत्तम, नाहीतर तांदूळ-ज्वारी घरीच मिक्सरवर फिरवावी.

सणांचा नकाशाही नीट पाहावा. कोकणातल्या घरांना हे तुलनेनं सोपं जातं. गणपतीला उकडीचे मोदक, गौरीला घावन-घाटलं, दोन्ही तांदळाचं. देशावर तळणीचे मोदक आणि पुरणपोळी आली की गहू आला. पण पुरण स्वतः हरभऱ्याची डाळ आणि गुळाचं. ते वाटीत, वर तूप घालून, किंवा तांदळाच्या धिरड्याबरोबर वाढता येतं. विदर्भातल्या महालक्ष्म्यांना ज्वारीची आंबील असते. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी. दुसऱ्या दिवशीची गुळपोळी तेवढी सोडायची. सत्यनारायणाचा शिरा मात्र रव्याचाच. प्रसाद नाकारणं मोठ्यांना जड जातं, म्हणून यजमानांना आधीच सांगून तीर्थ आणि फळ घ्यावं.

आधी सांगणं हेच या सगळ्यातलं निम्मं काम. पानावर बसल्यावर ‘यात गहू आहे का?’ विचारलं की वाढणारी गोंधळते आणि बाकीचे आजार चर्चेला घेतात. चार दिवस आधी फोन करून नेमकं बोलावं : ‘‘मामी, सोनूला गव्हाचा कणही चालत नाही, उपासासारखं कडक आहे. तुम्ही वरणाला हिंग कुठला घालता? आमचा डबा आणू का? आणि तिचं पान आधी वाढाल का?’’ पान आधी वाढण्याला कारण आहे. पोळ्यांचा हात भाताच्या पातेल्यात जाण्याच्या आत तिचं वाढून होतं. वेगळं काहीतरी करा असं सांगण्यापेक्षा भात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, कढी, मोदक हे सगळ्यांसाठीच गव्हाशिवाय ठेवा आणि पोळ्या शेवटी लाटा, असं सुचवलं तर मामींचं कामही वाढत नाही. मुलीलाही सगळ्यांच्यात बसून, सगळ्यांचंच जेवता येतं. आठ-दहा वर्षांच्या मुलीला ‘बिचारी’ हा शब्द पोळीपेक्षा जास्त लागतो.

चुकून पोटात गेलंच तर उलटी काढायचा प्रयत्न करू नये, रागावू नये. भरपूर पाणी, साधं जेवण, आणि काय खाल्लं त्याची नोंद. त्रास वाढला तर डॉक्टर.

फोनवर मामींना आणखी एक गोष्ट सांगावी. हा आजार रक्ताच्या नात्यात उतरतो. आई-वडील आणि सख्ख्या भावंडांत ढोबळमानाने दर दहा-पंधरा जणांमागे एकाला तो निघतो, आणि पुष्कळदा त्रासाशिवाय. गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन न वाढणारा भाऊ त्याच पंगतीत बसलेला असू शकतो. घरच्यांची टीटीजी गणपतीआधी करून घेतली, तर पुढच्या वर्षी किती पानं गव्हाशिवाय वाढायची ते नक्की कळेल.

(पुढच्या आठवड्यात : पाकिटावर ‘ग्लूटेन-फ्री’ लिहिण्यासाठी किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. ती म्हणजे काय, आणि लेबल कसं वाचायचं?)