उसात बिबट्या, झाडीत ‘फॉक्स’

स्काउटच्या शिबिरात गाठी, तंबू आणि शेकोटी असतेच. ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी जगभरच्या शिबिरांत रेडिओही येतो. या मेळाव्याचं नाव ‘जांबोरी ऑन द एअर’. हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, त्याला ‘जोटा’ म्हणतात. १९५७च्या इंग्लंडमधल्या जागतिक जांबोरीत हौशी रेडिओवाल्यांची गाठ पडली, लेस मिचेल यांनी रेडिओवरच्या मेळाव्याची कल्पना मांडली आणि १९५८पासून जोटा सुरू झाला.

हुतात्मा बाबू गेनूंच्या गावी, महाळुंगे पडवळमध्ये असं शिबिर भरवायचं, तर माझ्या मते माइक सर्वांत शेवटी द्यावा. आधी ऐकायला शिकवावं. ऐकण्यातले उस्ताद शेजारच्या जुन्नर तालुक्यातच आहेत. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ-दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना स्वतः चकार शब्द काढत नाहीत, आकाशातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओलहरी तेवढ्या टिपतात. या भागात माणसांनी केलेला रेडिओ-गोंगाट कमी, हे ही जागा निवडण्याचं एक कारण होतं. तेव्हा शिबिरात ट्रान्समीटर लावण्याआधी जीएमआरटीला विचारणं हा साधा शेजारधर्म.

मुलं सर्वांत जास्त रमतात ती ‘फॉक्स हंट’मध्ये. परवानाधारक हॅम एक छोटा ट्रान्समीटर झाडीत लपवतो आणि मुलं हातातल्या रिसीव्हरवर त्याचा माग काढतात. महागडी अँटेना नसली तरी चालतं. रिसीव्हर छातीशी धरून जागच्या जागी गोल फिरायचं. आवाज सर्वांत मंद होतो तेव्हा ‘फॉक्स’ पाठीमागे असतो, कारण शरीर लहरी अडवतं. नकाशावर त्या दिशेची रेघ मारायची, दुसऱ्या जागेवरून दुसरी. दोन्ही छेदतात तिथे शोधायचं. कड्यावर आपटून परतलेली लहर मात्र चकवा देते; मग तिसरी रेघ लागते. खेळ दिवसाउजेडीच ठेवावा. या भागातल्या उसात खरे बिबटे आहेत!

अंतराळ स्थानकही ऐकता येतं. ते सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून जातं, एका फेरीत जेमतेम दहा मिनिटं ऐकू येतं. त्यावरचा हॅम रेडिओ १४५.८०० मेगाहर्ट्झवर लागतो. जवळ येताना कंप्रता किंचित वर सरकते, दूर जाताना खाली. डॉप्लर परिणाम पुस्तकातून शिकवण्यापेक्षा हे बरं.

एवढं ऐकून बोलायची ओढ लागली, तर भारतात बारा वर्षं पूर्ण झालेल्यांना हॅमच्या परवान्याची परीक्षा देता येते.