रोबोट आणि सर्जनचा हात

रोबोटिक शस्त्रक्रियेत रोबोट स्वतःच्या मनाने एक टाकाही घालत नाही. सर्जन टेबलापासून काही फुटांवर कन्सोलपाशी बसून पोटातले त्रिमित चित्र पाहतो. त्याच्या बोटांची हालचाल यांत्रिक हात आत उमटवतात. टेबलाशी प्रशिक्षित सहायक उभा असतोच.

ही दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची पुढची पायरी. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये दुर्बिणीने पित्ताशय काढले आणि पोटावरचा लांब छेद टळू लागला. त्या अवजारांची खोड अशी, की ती सरळ असतात आणि हात उजवीकडे नेला तर आतले टोक डावीकडे जाते. २००० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ‘दा विंची’ यंत्राने टोकाला मनगट दिले आणि हाताचा कंप गाळला. ओटीपोटाच्या खोल, अरुंद जागेत, विशेषतः प्रोस्टेट काढून मूत्रमार्ग जोडताना, हे मनगट खरोखर उपयोगी पडते. मात्र पेशीजाल मऊ आहे की कडक, हे उघड्या शस्त्रक्रियेत बोटांना कळते. बहुतेक रोबोटांवर ते नजरेनेच ताडावे लागते.

निकाल जाहिरातींइतके एकतर्फी नाहीत. मलाशयाच्या कर्करोगाच्या ४७१ रुग्णांवरील चाचणीत (२०१७) पोट उघडण्याची वेळ दुर्बिणीच्या गटात १२.२ टक्के, तर रोबोटच्या गटात ८.१ टक्के रुग्णांवर आली. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कर्करोगाच्या ६३१ स्त्रियांवरील चाचणीने (२०१८) तर उलटेच दाखवले. साडेचार वर्षांनी आजाराविना हयात असलेल्यांचे प्रमाण पोट उघडलेल्यांत ९६.५ टक्के, तर दुर्बीण वा रोबोट वापरलेल्यांत ८६ टक्के होते. यातल्या बहुतेक शस्त्रक्रिया दुर्बिणीच्या होत्या, त्यामुळे सगळा दोष रोबोटच्या माथी मारता येत नाही.

वऱ्हाडात या फायद्या-तोट्याच्या हिशेबाला वेगळे वजन आहे. अमरावतीचे डफरीन आणि अकोल्याचे लेडी हार्डिंग ही स्त्री रुग्णालये. तिथल्या सिझेरियनमध्ये रोबोटला काही कामच नाही. धारणीकडून घाट उतरून आलेल्या बाईला भूलतज्ज्ञ, रक्त आणि सर्जन वेळेवर मिळणे महत्त्वाचे. फुटलेले अपेंडिक्स किंवा अपघातात फाटलेली प्लीहा यांनाही यंत्र मांडण्याइतकी सवड नसते. कोट्यवधींचे यंत्र, त्याचा देखभाल करार आणि ठरावीक वापरांनंतर बदलावी लागणारी अवजारे परवडायची तर रोजच्या रोज नियोजित शस्त्रक्रिया हव्यात. म्हणून ही यंत्रे मोठ्या शहरांत एकवटतात.

तिथेही रक्तस्राव आवरेना झाला, तर यांत्रिक हात बाजूला सारून पोट उघडावे लागते. त्यामुळे कन्सोलवर बसणाऱ्यालाही आधी हाताने शस्त्रक्रिया करता यावी लागते.