'कॉमन' खोडण्याआधी

इंग्रजी निबंध भारदस्त व्हावा म्हणून विद्यार्थी 'कॉमन' हा शब्द खोडतो आणि समानार्थी शब्दांच्या यादीतला एखादा जड शब्द तिथे बसवतो. त्याची मेहनत खरी असते, पण वाक्य बिघडतं. यादीत शब्द मिळतात, त्यांचे स्वभाव मिळत नाहीत. ते स्वभाव ओळखण्यासाठी आधी पाच गैरसमज दूर करायला हवेत.

गैरसमज १ : हे सगळे शब्द एकमेकांच्या जागी चालतात.

वस्तुस्थिती : प्रत्येक शब्द वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो. एखादी गोष्ट किती वेळा किंवा किती जणांत आढळते, हे 'कॉमन' सांगतो. ती किती दूरवर पसरली आहे, हे 'वाइडस्प्रेड' सांगतो; तो आपला 'सर्वदूर'. पूर, नाराजी, पाठिंबा हे वाइडस्प्रेड असतात. एखाद्या काळात किंवा समाजात रूढ असलेल्या गोष्टीला 'प्रिव्हॅलंट' म्हणतात. आतपर्यंत भिनलेला वास, भीती किंवा प्रभाव यांच्यासाठी 'परव्हेसिव्ह' आहे. 'यूबिक्विटस' आला लॅटिनमधल्या 'उबीक्वे' म्हणजे 'सर्वत्र' या शब्दावरून. मोबाइल फोनसारखी, जिकडे पाहावं तिकडे दिसणारी वस्तू यूबिक्विटस. 'सर्वत्र' हा अर्थ शब्दातच आहे, म्हणून त्याच्याआधी 'व्हेरी' लावण्याची गरज नाही.

गैरसमज २ : चांगल्या आणि वाईट गोष्टींना यातला कोणताही शब्द लागतो.

वस्तुस्थिती : 'रॅम्पंट' आणि 'राइफ' या दोन्हींत बहुतेक वेळा नापसंती असते. 'रॅम्पंट'च्या मुळाशी चढणं, मागच्या पायांवर उभं राहणं या अर्थाचं जुनं फ्रेंच क्रियापद आहे. स्कॉटलंडच्या राजध्वजावर मागच्या पायांवर उभा असलेला तांबडा सिंह दिसतो; त्याच्या त्या पवित्र्याचं नावच रॅम्पंट. जे आवरेनासं झालं आहे, ते रॅम्पंट. महागाई रॅम्पंट होते, वाचनाची आवड होत नाही. मराठीतही भ्रष्टाचार बोकाळतो, पण वाचनाची आवड बोकाळली असं कोणी म्हणत नाही. 'राइफ'ची आणखी एक खोड आहे. तो नामाच्या आधी सहसा येत नाही. 'करप्शन इज राइफ' हे बरोबर, 'राइफ करप्शन' कानाला खटकतं.

गैरसमज ३ : 'पॉप्युलर' म्हणजे प्रचलित.

वस्तुस्थिती : 'पॉप्युलर' म्हणजे मुख्यतः लोकांना आवडणारं. 'डेंग्यू पावसाळ्यात पॉप्युलर असतो' असं इंग्रजीत लिहिलं, तर लोकांना डेंग्यू आवडतो असा अर्थ होतो. तिथे साधा 'कॉमन'च हवा. 'पॉप्युलर बिलीफ' मात्र चालतं, कारण तिथे शब्दाचा अर्थ 'लोकांमध्ये असलेला' इतकाच आहे.

गैरसमज ४ : 'कॉमन' म्हणजे बहुतेकांना होणारं.

वस्तुस्थिती : हा गैरसमज तब्येतीला महागात पडू शकतो. युरोपात औषधांच्या माहितीपत्रकांत दुष्परिणामांसाठी हे शब्द ठरावीक मापाने वापरतात. 'व्हेरी कॉमन' म्हणजे १० पैकी एकाला किंवा त्याहून अधिक जणांना होणारा दुष्परिणाम. 'कॉमन' म्हणजे १०० पैकी १ ते १० जणांना, 'अनकॉमन' म्हणजे १,००० पैकी १ ते १० जणांना आणि 'रेअर' म्हणजे १०,००० पैकी १ ते १० जणांना होणारा. म्हणजे 'कॉमन' दुष्परिणामही १०० पैकी किमान ९० जणांना होत नाही. तेव्हा पत्रकातला तो शब्द वाचून गोळ्या परस्पर बंद करू नयेत. शंका डॉक्टरांना विचारावी.

गैरसमज ५ : 'एन्डेमिक' म्हणजे सगळीकडे पसरलेलं.

वस्तुस्थिती : 'एन्डेमिक', 'एपिडेमिक' आणि 'पॅन्डेमिक' या तिन्हींत 'डेमोस' म्हणजे 'लोक' हा ग्रीक शब्द आहे. एखाद्या प्रदेशात कायम मुक्काम ठोकलेला रोग एन्डेमिक. अपेक्षेपेक्षा एकाएकी खूप वाढलेला एपिडेमिक, आणि देशोदेशी पसरलेला पॅन्डेमिक. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविडसाठी हाच शेवटचा शब्द वापरला. जीवशास्त्रात एन्डेमिकचा अर्थ 'प्रदेशनिष्ठ' असा होतो, म्हणजे त्या प्रदेशाबाहेर निसर्गतः न सापडणारा जीव. नीलगिरी ताहर हा प्राणी केरळ आणि तमिळनाडूतल्या डोंगरांवरच आढळतो. तो एन्डेमिक आहे, म्हणजे वाइडस्प्रेडच्या अगदी उलट.

मग शब्द निवडायचा कसा? आधी तेच वाक्य मनात मराठीत म्हणून पाहावं. 'सर्वदूर' ओठांवर आलं तर वाइडस्प्रेड, 'भिनलेलं' आलं तर परव्हेसिव्ह, 'बोकाळलेलं' आलं तर रॅम्पंट. लहानपणापासून ऐकलेल्या भाषेने हे बारकावे आपल्याला आधीच शिकवले आहेत. इंग्रजी लिहिताना त्यांचाच आधार घ्यावा. आणि मनात फक्त 'नेहमी आढळणारं' एवढंच आलं, तर 'कॉमन' खोडू नये. तिथे तोच नेमका शब्द आहे.