वसंतांतील हिमस्खलन

एप्रिल-मे महिन्यांत सुटी लागली, कीं आपल्याकडील कित्येक तरुण हिमालयाची वाट धरतात. थंडी ओसरलेली असते, आकाश निरभ्र असतें, आणि बर्फाचें भय आतां सरलें, असें वाटूं लागतें. हा समज घातक आहे.

डोंगरउतारावरील बर्फ एकजीव नसतो. प्रत्येक हिमवर्षावाचा थर वेगळा. त्यांतील एखादा ठिसूळ निघाला, तर वरचे सारे थर कसेबसे तोललेले राहतात. वसंतांत ऊन प्रखर झालें म्हणजे वितळलेलें पाणी आंत झिरपतें, कणाकणांतील बंध सैल होतात, आणि उतारच्या उतार घसरूं लागतो. ३० ते ४५ अंशांचे उतार विशेष धोक्याचे. याहून उभ्या कड्यावर बर्फ फारसा साचत नाहीं, व सौम्य उतारावरून तो सहसा सुटत नाहीं. पण वरून सुटलेला लोट सपाटीवरहि येऊन पोहोंचतो. २८ फेब्रुवारी २०२५ रोजीं बद्रीनाथजवळील माणा येथें रस्त्याचें काम करणाऱ्या ५४ मजुरांची छावणीच अशा लोटाखालीं सांपडली. ४६ जण वांचले, ८ दगावले.

म्हणून पहिला नियम वेळेचा. निरभ्र रात्रीं बर्फ गोठून घट्ट होतो. तेव्हां पहांटेपूर्वीं निघून ऊन तापण्याच्या आंत उतार ओलांडावा, आणि तोहि एकेकानें. रात्र ढगाळ व उबदार गेली असेल, पाय गुडघ्यापर्यंत रुतत असेल, किंवा बर्फाचे गोळे आपोआप घरंगळत असतील, तर मागें फिरावें.

दुसरा नियम साधनांचा. गाडला गेलेला मनुष्य दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला, तर वांचण्याची आशा पुष्कळ असते. अर्ध्या तासानें ती फारच थोडी उरते. दूरच्या पथकाची मदत इतक्या अवधींत क्वचितच पोहोंचते. सोबतीच काय ते तारणारे. याकरितां प्रत्येकाजवळ संकेत देणारें व टिपणारें ट्रान्सिव्हर, बर्फांत खुपसून शोध घेण्याची लांब सळई आणि फावडें हवें, व तीं वापरण्याचा सरावहि हवा. चंदीगड येथील संरक्षण खात्याची संशोधन-संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. ते निघण्यापूर्वीं पाहावेत.

तिसरा नियम मात्र घरांत बसलेल्या आपणां वडीलधाऱ्यांसाठीं आहे. मुलगा परतला, कीं आपण पहिला प्रश्न विचारतों, "शिखर गांठलेंस का?" त्या प्रश्नाचें ओझें तो पुढच्या खेपेस वर घेऊन जातो. अर्ध्या वाटेवरून परतलेल्याचेंहि आपण तितक्याच कौतुकानें स्वागत केलें, तर धोक्याच्या घटकेस मागें फिरणें त्याला सोपें जाईल.