उताराचा अर्थसंकल्प

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात कुलाब्याला पडला 73 मिलिमीटर. दोन्ही ठिकाणे एकाच महानगरपालिकेतली, एकाच आयुक्ताच्या अखत्यारीतली, एकाच अर्थसंकल्पातली. त्या दिवशी गेलेल्या शेकडो जिवांची आणि वाहून गेलेल्या संसारांची आठवण मुंबईत दर पावसाळ्यात निघते, पण या दोन आकड्यांत दडलेली गोष्ट शहराच्या जमाखर्चात अजून पुरती उतरलेली नाही. पाणी वॉर्डाची हद्द पाहून वाहत नाही. ते उतार शोधते, आणि उताराच्या टोकाला समुद्राला भरती असेल तर तिथेच तुंबून मागे फुगते. आपल्या भांडवली कामांच्या याद्या मात्र खात्यांप्रमाणे होतात. रस्ते विभागाची यादी निराळी, पर्जन्य जलवाहिन्या खात्याची निराळी, उद्यान खात्याची निराळी, आणि तिन्ही याद्यांना मार्चअखेरची कुंपणे. माझे म्हणणे असे की रस्ता, नाला आणि मैदान यांवरचा मोठा खर्च पाणलोटाप्रमाणे, एकत्र आणि अनेक वर्षांच्या जाहीर क्रमाने ठरला पाहिजे. तसा तो ठरत नाही, म्हणून पैसा खर्च होऊनही पाणी त्याच चौकांत साचते.

आधी नाल्यांचे गणित पाहू. मुंबईच्या जुन्या पर्जन्य जलवाहिन्या ताशी 25 मिलिमीटर पाऊस गृहीत धरून बांधलेल्या होत्या, आणि त्यातले निम्मे पाणी जमिनीत मुरेल किंवा वाटेत थांबेल असे मानलेले होते. म्हणजे एक हेक्टर जमिनीवरून तासाला सुमारे 125 घनमीटर पाणी वाहून नेण्याची ती सोय. पुढे शहर डांबराने, लाद्यांनी, सिमेंटने झाकले गेले आणि मुरण्याचा हिशेब कोलमडला. बृहन्मुंबईच्या पर्जन्यजल निचऱ्याचा जो आराखडा 'ब्रिमस्टोवॅड' या नावाने ओळखला जातो, त्याने ताशी 50 मिलिमीटर पाऊस आणि सगळेच पाणी वाहून येणार, असे धरले. म्हणजे त्याच हेक्टरवरून आता 500 घनमीटर, नेमके चौपट. त्यात अडचण अशी की नाले समुद्राला जिथे मिळतात त्या 186 पातमुखांपैकी 45 सरासरी समुद्रपातळीच्याही खाली आहेत, 135 त्या पातळीच्या वर पण भरतीच्या पातळीखाली आहेत, आणि भरतीतही मोकळी राहतील अशी जेमतेम 6. भरतीच्या तासांत नाला कितीही रुंद असला तरी त्याचे तोंड बंदच. तेव्हा दोनच मार्ग उरतात, पाणी पंपाने उपसून समुद्रात टाकणे किंवा ओहोटी लागेपर्यंत ते कुठेतरी धरून ठेवणे. धरून ठेवायला जागा लागते, आणि दाट शहरात जागा म्हणजे रस्ता नाहीतर मैदान. निचऱ्याचा प्रश्न इथेच नाल्यांच्या खात्याबाहेर पडतो.

ब्रिमस्टोवॅडचा इतिहास हा अज्ञानाचा इतिहास नव्हे, हे मुद्दाम सांगायला हवे. 1985 च्या पुरानंतर अभ्यास सुरू झाला आणि 1993 साली अहवाल हाती आला. तेव्हाचा अंदाजी खर्च सुमारे 616 कोटी रुपये. कुठे काय करायचे हे कागदावर होते, पाणी पंपाने उपसणाऱ्या आठ उदंचन केंद्रांच्या जागाही ठरलेल्या होत्या. पुढची बारा वर्षे काम रेंगाळले, आणि मग 26 जुलै आला. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने 2006 मध्ये अहवाल दिला, 2007 मध्ये केंद्र सरकारने सुमारे 1200 कोटी रुपये मंजूर केले, आणि त्यानंतर कामांना वेग आला. हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया अशी केंद्रे एकामागून एक सुरू झाली. सहावे, गझदरबंधचे, सुरू व्हायला 2019 उजाडले. उरलेली दोन, मोगरा आणि माहुल, जागेच्या प्रश्नात अडकून पडली. माहुलची ठरलेली जागा मिठागरांची, म्हणजे केंद्र सरकारच्या खात्याची होती. पैशाची तरतूद दरवर्षी करता येते आणि दरवर्षी फिरवताही येते, जमिनीचे तसे नसते. दहा वर्षांनी लागणारी जागा आज ताब्यात घ्यायची असेल तर दहा वर्षांचा बांधील कार्यक्रमच हवा, आणि एका वर्षाच्या अर्थसंकल्पात तो मावत नाही.

मुंबईने कधी काळी वेगळी रीत अनुभवली आहे. 1896 च्या प्लेगनंतर 1898 साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. मोहम्मद अली रोड, प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे रस्ते त्याने काढले, पण त्याचे खरे शिकण्याजोगे काम दादर-माटुंग्याला आहे. तिथे रस्त्यांची आखणी, जमिनीचे भराव, गटारे, भूखंड आणि बागा एकाच आराखड्यात, एकाच संस्थेच्या हिशेबात आल्या. फाइव्ह गार्डन्सच्या आसपास आजही त्या आखणीची रुंदी आणि सावली दिसते. ट्रस्टचे गोडवे गायचे कारण नाही. दाट वस्त्या पाडून त्याने हजारो गरिबांना बेघर केले, आणि त्यांना परवडतील इतकी घरे काही तो बांधू शकला नाही. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या आणि जमीनदारांच्या हातातली ती संस्था होती. पण एकत्र आखणीची तिची रीत आणि लोकांना न विचारण्याची तिची वृत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि 1933 मध्ये ट्रस्ट पालिकेत विलीन झाला तेव्हा नेमकी रीत हरवली. त्या वारशातून आलेली सुधार समिती पालिकेत राहिली, पण तिचा कारभार मुख्यतः जमिनी आणि आरक्षणे यांपुरता उरला. रस्ते, नाले आणि बागा आपापल्या खात्यांत गेल्या.

या फाटाफुटीच्या खुणा हिशेबाच्या रचनेतच सापडतात. पालिकेच्या अर्थसंकल्पात पावसाच्या पाण्याचे नाले 'अ' भागात आणि पाणीपुरवठा व मलनिःसारण 'ग' भागात, अशी विभागणी वर्षानुवर्षे चालत आली, आणि प्रत्यक्षात कित्येक वस्त्यांचे सांडपाणी पावसाच्याच नाल्यांत उतरते. विहार आणि पवई तलावांचे पाणी घेऊन माहीमच्या खाडीपर्यंत जाणारी मिठी नदी जेमतेम अठरा किलोमीटरची. तिच्यातले बारा किलोमीटरच्या आसपास पालिकेकडे आणि शेवटचे सहा एमएमआरडीएकडे. वरच्या अंगाला पात्र रुंद केले आणि खालच्या अंगाला ते तसेच राहिले, तर रुंदीकरणाचा खर्च पाणी फक्त लवकर खाली पोचवतो. रस्त्यांचेही तेच. 2023 च्या सुरुवातीला सुमारे 400 किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाची सुमारे सहा हजार कोटींची कामे दिली गेली, आणि त्यामागून आणखी टप्पे आले. काँक्रीटचा रस्ता टिकतो, खड्ड्यांपासून सुटका करतो, हे खरे आहे, आणि खड्ड्यांत माणसे मरतात तिथे ही बाब हलकी नाही. पण तो रस्ता पुढची काही दशके उखडायचा नाही असे ठरवूनच बांधला जातो. त्याखालची जलवाहिनी आधी वाढवली नसेल तर ती लहानच राहणार, त्याची पातळी वर गेली तर बाजूच्या जुन्या चाळींची जोती खाली जाणार, आणि त्याचा उतार चुकला तर ती चूकही तितकीच टिकाऊ होणार. म्हणून कोणता रस्ता आधी, याचे उत्तर नाल्याच्या नकाशावरून यायला हवे.

या दृष्टीने हिंदमाता परिसराचे उदाहरण लक्ष देऊन पाहण्यासारखे आहे. दादर आणि परळच्या मधला हा भाग बशीसारखा खोलगट. त्याचे पाणी रे रोडच्या ब्रिटानिया केंद्राकडे जाते, आणि केंद्र सुरू होऊनही चौकात पाणी साचणे थांबले नाही, कारण केंद्रापर्यंतची वाट लांब आणि अपुरी. अखेर पालिकेने दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली साठवण टाक्या बांधल्या. जोरात पाऊस आणि भरती एकत्र आली की चौकातले पाणी तिकडे वळवायचे आणि ओहोटीला सोडायचे. तीन खात्यांचे काम एका ठिकाणी आले आणि त्याचा उपयोग दिसला. मला यात आशा वाटते, पण एक खंतही आहे, की हा मार्ग बाकीचे सारे थकल्यावर सुचला. एक हेक्टरचे मैदान अर्धा मीटर खोल ठेवले तर त्यात 5000 घनमीटर पाणी मावते, म्हणजे दहा हेक्टरांवर तासभर 50 मिलिमीटर पडलेला सगळा पाऊस. नव्या बागेचा आराखडा करतानाच हे धरले तर टाकी खोदण्याचा खर्चही टळतो. कोपनहेगनमध्ये 2 जुलै 2011 रोजी दोन तासांत सुमारे 150 मिलिमीटर पाऊस कोसळला. पुढच्याच वर्षी त्या शहराने आराखडा केला, आणि त्यातून पुढे वीस वर्षांत करायच्या सुमारे 300 कामांची पाणलोटानिहाय यादी ठरली. त्यातल्या एंगहावे या जुन्या बागेची अशी पुनर्रचना झाली की ती आता 22,600 घनमीटर पाणी धरते. तिथले हवामान निराळे, लोकसंख्या निराळी. घेण्यासारखा आहे तो कामांचा लावलेला क्रम.

यावर पहिला आक्षेप मैदानांच्या बाजूने येतो, आणि तो रास्त आहे. मुंबईत माणशी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास. तीही पाण्याला दिली तर मुलांनी खेळायचे कुठे? शिवाय मैदानाखाली काँक्रीटची टाकी घातली की वर मोठे झाड वाढत नाही आणि पाणी मुरायचेही थांबते. म्हणूनच टाकी हा शेवटचा उपाय असावा आणि उथळ, हिरवळीचा खोलगटपणा पहिला. अशा मैदानात पाणी वर्षातून मोजक्या दिवशी, काही तास राहील, आणि त्या वेळी तिथे खेळ तसाही होत नाही. पावसाचे पाणी गटारापासून वेगळे झालेले असेल, ही अट मात्र सोडता येणार नाही. नाहीतर ओहोटीनंतर मैदानात उरेल तो रोगराईचा गाळ.

दुसरा आक्षेप लोकशाहीचा. प्रभागातल्या लोकांना आपल्या गल्लीची फरशी आणि आपल्या कोपऱ्यातली बाग हवी असते, नगरसेवक त्यासाठीच निवडून जातो, आणि पाणलोटाचा क्रम अभियंत्यांनी ठरवला तर लोकांचा आवाज जाईल. ट्रस्टचा इतिहास पाहता ही भीती पोकळ नाही. पण आजच्या वाटणीतही हिंदमाताच्या रहिवाशाला रे रोडच्या पंपाविषयी काहीच म्हणता येत नाही, कारण तो दुसऱ्या वॉर्डात. एका पाणलोटातल्या सर्व प्रभागांचे प्रतिनिधी एकत्र बसले, पुढच्या दहा वर्षांच्या कामांची यादी क्रमासह आणि कारणांसह जाहीर झाली, आणि क्रम बदलायचा तर सभागृहात कारण सांगावे लागले, तर लोकांच्या हाती आजच्यापेक्षा अधिक येईल. गल्लीच्या लहान कामांचा निधी वेगळा राहावा. त्याला हात लावायची गरज नाही.

तिसरा आक्षेप वारंवार ऐकू येतो, की 944 मिलिमीटरला पुरेल असा नाला जगात कुणी बांधत नाही, तेव्हा आराखडे करून काय उपयोग? पहिले अर्धे बरोबर आहे. त्या दुपारी ताशी 100 मिलिमीटरहून कितीतरी जास्त पाऊस पडत होता. पण नाल्यात न मावणारे पाणी कुठेतरी जाणारच, आणि ते कुठे जाईल हे आपण ठरवले नाही तर जमिनीची पातळी ठरवते. सखल जमिनीवर राहतात ते ज्यांना उंच जागा परवडली नाही ते लोक. कुर्ल्याच्या मिठीकाठच्या वस्तीत शिरलेले पाणी वांद्रे-कुर्ला संकुलाखाली गाडलेल्या दलदलीत कधी काळी पसरत असे. जादाच्या पाण्याला कोणता रस्ता, कोणते मैदान द्यायचे, हा निर्णय घ्यावाच लागतो, आणि तो उघडपणे घेतला तर वस्तीतल्या माणसालाही त्यात बोलता येते.

2025-26 चा पालिकेचा अर्थसंकल्प सुमारे 74,400 कोटींचा होता, त्यात भांडवली खर्च 43,000 कोटींहून अधिक. इतकी ताकद देशातल्या दुसऱ्या कुठल्याच पालिकेकडे नाही. पण बांधलेल्या प्रत्येक पंपाला वीज, टाकीला गाळ काढणारी माणसे, मैदानाला माळी लागतात, आणि तो खर्च महसुली बाजूला, वेगळ्या पानावर, बहुधा वेगळ्या वर्षी दिसतो. दोषदायित्वाचा काळ संपला की कंत्राटदार जातो आणि यंत्र वॉर्डाच्या गळ्यात पडते. म्हणून भांडवली यादीतल्या प्रत्येक कामापुढे आणखी दोन रकाने हवेत. पहिल्या रकान्यात ते काम चालवायला दरवर्षी किती लागेल तो आकडा, दुसऱ्यात ते कोणाच्या माणसांनी चालेल त्या खात्याचे नाव. आणि पाऊस कुठल्याच खात्याचे वेळापत्रक पाळत नाही. 2025 चा मोसमी पाऊस मुंबईत 26 मे रोजीच पोचला. वेळापत्रकाप्रमाणे 31 मेपर्यंत पुरी व्हायची रस्त्यांची कामे तेव्हा उघडीच होती, आणि नाल्यांतला गाळही अजून निघत होता.