इंजिन बदलले, नोंद मात्र जुनीच

तेलंगणातील आदिलाबाद हा पैनगंगेच्या काठाने महाराष्ट्राला भिडलेला कापसाचा जिल्हा. ऐन हंगामात कापूस वाहणाऱ्या पिकअपचे इंजिन निकामी झाले, तर नवे घेण्याची ऐपत नसलेला मालक भंगारातून वेगळ्या सालाचे इंजिन आणून बसवतो. या काटकसरीला आम्ही दोष देणार नाही. पोटाची निकड कोणास चुकली आहे? परंतु नाव एक म्हणून इंजिनही एकच, हा समज घातक होय. १ एप्रिल २०२० पासून नव्या वाहनांना भारत-सहा मानके लागू झाली. त्या गाडीत जुने इंजिन बसवल्यास वायरिंग, सेन्सर व धूर शुद्ध करणारी यंत्रणा जुळत नाही. शिवाय इंजिनाचा क्रमांक आरसी बुकात असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार इंजिन बदलल्यास १४ दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावे लागते. ते राहिले, तर अपघातानंतर विम्याच्या दाव्यात हीच विसंगती मालकाच्या मुळावर येऊ शकते. इंजिन चोरीचे निघाल्यास पोलिसांचा ससेमिरा वेगळाच. किनाऱ्यावरील मासळीच्या गाड्यांनाही हाच नियम आहे. मालकाने खरेदीची पावती जपावी आणि सरकारने ही नोंद एका खेपेत करून द्यावी. हेलपाटे वाढले की कायदा पाळणाराही पळवाट शोधू लागतो.