पाण्यातून गाडी काढलीत, आता चाक बघा

लेक्चरला उशीर झालाय, देवपुरातून निघताना फरशीवर पांझरेचं पाणी, तरी तुम्ही गाडी घातलीच. इंजिन बंद पडलं नाही म्हणून खूश? ब्रेकमुळे तापलेला हब थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि झिजलेल्या ऑइल सीलमधून पाणी आत ओढते. बोट वाहणाऱ्या ट्रेलरचे बेअरिंग असेच जातात. ग्रीस दुधाळ होतं, गोळ्या गंजतात, आणि भर रस्त्यात चाक जाम होऊ शकतं.

गाडी मेन स्टँडवर घ्या. मित्राला मागं दाबायला सांगा, पुढचं चाक आडवं हलवा. खुळखुळलं, फिरवताना घरघरलं, की थेट मेकॅनिक! बेअरिंगसोबत सीलही नवं टाका, तिथं कंजुषी नको. आणि हो, वॉशिंगवाल्याला प्रेशरचा पाइप हबवर मारू देऊ नका.